हिरवं तिकीट, पन्नास सेंट: जॉर्जियाच्या २०११ च्या हंगामाची केस

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरजवळ देपालपूरकडच्या आमच्या शेतात अर्धा बटाटा जमिनीतच होता आणि मजुरांची टोळी भगोरियाला, म्हणजे भिल्लांच्या होळीआधीच्या हाट-मेळ्याला, निघून गेली. दर वर्षीच जाते, होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे झाबुआ-अलीराजपूरचा माणूस कुठेही असो गावच्या हाटाला पोचणारच, त्यात नवीन काही नाही, पण यंदा होळी लवकर आली आणि बटाटा लावायलाच उशीर झाला होता त्यामुळे नेमकी गाठ पडली. भाऊजी (माझे दीर, शेती तेच बघतात) रविवारी इंदुरात रामबागेत घरी आले ते तणतणतच. जेवताना टीव्हीवर अमेरिकेत बाहेरून आलेल्या बिनकागदाच्या लोकांवर पडणाऱ्या रेडची बातमी चालू होती, तोंडाला कपडा बांधलेले एजंट, पळणारी माणसं, आणि भाऊजी म्हणाले बरोबर करतोय तो ट्रम्प, बाहेरच्यांना हाकला नि आपल्या रिकाम्या पोरांना कामाला लावा. मी म्हटलं भाऊजी, तुम्हाला आत्ता सोळा माणसं कमी पडतायत आणि रामबागेत रिकामी पोरं पायलीला पन्नास आहेत, घेऊन जा की उद्या. ते हसले, जाऊबाई जास्त हसल्या, विषय तिथेच संपायचा, पण माझा मुलगा म्हणाला, आई, असं खरंच कुणी करून बघितलंय का?

करून बघितलंय, म्हणून तर हे लिहायला बसले. मी वीस वर्षं शेतीकर्ज बघते, सांवेर, देपालपूर, हातोद असं सगळं फिरून झालंय, त्यामुळे असलं काही वाचलं की माझी नजर आधी हिशोबावर जाते आणि भाषणं नंतर ऐकू येतात. ही केस मी तशीच वाचली.

केस अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची, साल २०११. तेव्हा वर ओबामा होते, ट्रम्प राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती, आणि कायदा राज्याने केलेला. आजच्या रेडपेक्षा वेगळं प्रकरण आहे हे मान्य. पण मला हीच केस बरी वाटते कारण ती एका हंगामाची आहे, सुरुवात-शेवट दिसतो, आणि "आपल्या पोरांना लावा" हे तिथे नुसतं जेवताना बोलले नाहीत, गव्हर्नरने स्वतः मनावर घेऊन करून दाखवलं.

आधी पीक समजून घ्या

जॉर्जिया म्हटलं की तिकडचे लोक पीच म्हणतात, पण मजुरांच्या अंगाने बघायचं तर कांदा आणि ब्लूबेरी बघावी लागते. तिथे विडालिया नावाचा कांदा होतो, गोडसर, तिखटपणा जवळजवळ नाहीच कारण त्या जमिनीत गंधक कमी. राज्याने १९८६ मध्ये कायदाच केला की ठरवून दिलेल्या २० काउंटींच्या (आपले जिल्हे-तहसिली तशा) पट्ट्यात पिकला तरच त्याला विडालिया म्हणायचं, आपल्या रतलामी शेवेला जीआय आहे तसंच म्हणा ना. पण माळव्याच्या कांद्यासारखा हा दांडगा नाही. पातळ सालीचा, पाणीदार, आपटला की डाग पडला. म्हणून माणूस वाकतो, हाताने उचलतो, कात्रीने पात कापतो, मूळ कापतो, बादलीत टाकतो, पुढे सरकतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत हे चालतं आणि त्याच दिवसांत ब्लूबेरी, ब्लॅकबेरी, काकडी, ढोबळी मिरची, स्क्वॉश (भोपळ्याच्या जातीची भाजी), मागोमाग कलिंगड. सगळं एकदम अंगावर येतं.

आणि हे करणारी माणसं त्या गावची नसतातच. बरीचशी मेक्सिको नि ग्वाटेमालाची. हिवाळ्यात फ्लोरिडात टोमॅटो आणि संत्री, मग ऊन जसं वर सरकतं तशा टोळ्याही वर सरकतात, जॉर्जिया, मग कॅरोलिना, काही पार मिशिगनपर्यंत. आपल्याकडे मारवाडातले मेंढपाळ चाऱ्यामागे माळव्यात उतरतात ना, तसं काहीसं. आणि तिकडे पीकशेतीत मजुरी करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोकांकडे कागद, म्हणजे तिथे राहायची-काम करायची परवानगी, नाहीत, हा आकडा कुणा कार्यकर्त्याचा नाही, त्यांच्याच लेबर डिपार्टमेंटच्या पाहणीतला आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत असतं, शेतकऱ्याला, पोलिसाला, आमदाराला, आणि बँकवाल्याला तर नक्कीच, हे मी जातीने सांगते.

याच कांद्याची एक जुनी गोष्ट आहे. मे १९९८ मध्ये ऐन काढणीत इमिग्रेशनवाल्यांनी विडालियाच्या शेतांवर रेड टाकली. पकडले मोजकेच, पण बाकीचे मजूर शेतातून जे गायब झाले ते झालेच, कांदा वाफ्यात पडून. तेव्हा जॉर्जियाच्या खासदारांनी, आणि दोन्ही पक्षांच्या बरं का, वॉशिंग्टनला तक्रारी केल्या की शेतकऱ्यांना छळताय तुम्ही, आणि थोड्याच दिवसांत इमिग्रेशनवाले आणि शेतकरी यांच्यात समझोता झाला की निदान हा हंगाम उरकू दे. कायदा तोच, माणसं तीच, पण कांदा निघेपर्यंत डोळे मिटायचे! मला तर हे वाचून आमच्या वसुली मोहिमांची आठवण झाली, निवडणूक आली की फाइल ड्रॉवरमध्ये.

१३ मे ते १ जुलै

२०१० मध्ये ॲरिझोनाने कडक कायदा केला, संशय आला तर पोलिसाने कागद विचारायचे वगैरे, मग बाकी राज्यांनाही तो हवासा वाटायला लागला. जॉर्जियाचा तो एचबी ८७ (हाउस बिल ८७). गव्हर्नर नेथन डील यांची सही १३ मे २०११ ला झाली. खोटे कागद दाखवून नोकरी मिळवली तर १५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. बिनकागदाच्या माणसाला गाडीतून नेणं, आसरा देणं यावर कलमं. दहाच्या वर नोकर असतील तर मालकाने ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी सिस्टमवर नाव तपासायचं, ते मात्र टप्प्याटप्प्याने, लहान मालकांना २०१३ च्या मध्यापर्यंत मुदत.

बाकी कायदा लागू होणार होता १ जुलैपासून. आणि २७ जूनला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे, जज थॉमस थ्रॅश यांनी त्यातली मुख्य दोन कलमं, पोलिसांनी कागद तपासण्याचं आणि ते आसरा-वाहतुकीचं, थांबवून ठेवली. म्हणजे काय झालं बघा, कांदा, ब्लॅकबेरी आणि बरीचशी ब्लूबेरी निघायची ते दिवस मे-जूनचे, तेव्हा हा कायदा एक दिवससुद्धा लागू नव्हता. कुणालाही या कायद्याखाली पकडलं नव्हतं, पकडणं शक्यच नव्हतं. तरी माणसं आली नाहीत.

मला ही केस इथेच खरी पटते. फ्लोरिडात एक मुकादम बसलाय, त्याच्याकडे वीस-पंचवीस माणसं आणि दोन व्हॅन, त्याच्या कानावर येतं की जॉर्जियात आता रस्त्यात अडवून कागद विचारणार. त्याला कलम नंबर माहीत नाही, लागू कधी ते माहीत नाही, कोर्टाचं तर नाहीच नाही. त्याला एवढंच कळतं की टोळीतल्या कुणाच्या बायकोला नि अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना सोडून नवरा एकटा बसमध्ये बसवून मेक्सिकोला पाठवला जाऊ शकतो. मग तो जॉर्जियात थांबतच नाही, सरळ कॅरोलिना गाठतो, तिथेही काम आहेच की. मजूर पकडायला लागत नाही, त्याच्या मुकादमाला घाबरवलं तरी शेत रिकामं होतं.

शेतकऱ्यांनी ओरडा सुरू केला तेव्हा राज्याच्या कृषी खात्याने घाईघाईत पाहणी केली, २३० शेतकऱ्यांना विचारलं आणि ११,००० च्या वर जागा रिकाम्या असल्याचं कळलं. त्यात बहुतेक कामांची मजुरी तासाला ७.२५ ते ८.९९ डॉलर, वर काही नाही, सुट्टी नाही, विमा नाही. ७.२५ म्हणजे तिकडचं किमान वेतन. हा आकडा लक्षात ठेवा.

गव्हर्नरचा उपाय

त्या वर्षी जॉर्जियात बेरोजगारी १० टक्क्यांच्या घरात होती. डील साहेबांनी १४ जूनला तोडगा सांगितला. राज्यात लाखभर लोक प्रोबेशनवर आहेत, म्हणजे शिक्षा झालेली पण तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली, त्यातले आठेक हजार नैर्ऋत्य भागात, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात, आणि चौघांतला एक बेकार. दोन हजार हात रिकामे, यांना शेतावर पाठवा. कागदावर सुंदर. मी असे कागद खूप पाहिलेत.

सुरुवात झाली सम्टर काउंटीतल्या एका काकडीच्या फार्मवर (माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं प्लेन्स हे गाव याच काउंटीत, ते स्वतः भुईमुगाचे शेतकरी होते, तेवढीच एक ओळख). पत्रकार जाऊन उभे राहिले म्हणून आपल्याला तपशील माहीत आहे नाहीतर असल्या स्कीमचा फक्त समारोप छापून येतो.

काकडीची पद्धत अशी की माणूस वाकून वेल बाजूला करतो, काकडी तोडतो, बादली भरली की खांद्यावर घेऊन ट्रककडे पळतो, वर उभ्या माणसाला बादली देतो, तो रिकामी करतो आणि हातात एक हिरवं तिकीट ठेवतो. एक तिकीट म्हणजे ५० सेंट, तेव्हाच्या भावाने बावीस-तेवीस रुपये. तासाला पंधरा तिकिटं जमवली की किमान वेतनाच्या वर गेलात, त्याखाली राहिलात तर फरक मालकाने भरायचा कारण किमान वेतन कायद्याने द्यावंच लागतं.

पहिले दोन दिवस प्रोबेशनवाले सगळेच्या सगळे दुपार कलायच्या आत काम सोडून गेले. अर्धा तास पण झाला नाही तोवर कुणी बादली फेकून दिली. मग काही टिकले, पण टिकले म्हणजे कसे, ट्रकमागे पाण्याच्या पिंपाजवळ घुटमळत, उलट्या बादलीवर बसून सिगरेट ओढत, मधेच फोन घेत. एका दिवसाचा हिशोब असा आला की मेक्सिको-ग्वाटेमालाच्या टोळीने सहा ट्रक भरले आणि प्रोबेशनवाल्यांनी एक ट्रक नि वर चार पेट्या. त्यांच्यातल्या सगळ्यात चांगल्या गड्याने दिवसाला १३४ बादल्या भरल्या, काहींनी फक्त २०. आणि शेजारच्या ओळीत टोळीतला एक जण पंचवीस सेकंदात बादली भरत होता, जेवणाच्या सुट्टीपर्यंतच दोनशे.

आता माझा धंद्याचा हिशोब लावते. दोनशे बादल्या म्हणजे १०० डॉलर, अर्ध्या दिवसात, तो माणूस तासाला वीस डॉलरच्या आसपास कमावतोय. वीस बादल्यावाल्याने दिवसभरात कमावले १० डॉलर, आठ तास थांबला असेल तर मालकाने द्यायचे ५८. म्हणजे एका बादलीचे पन्नास सेंटऐवजी जवळजवळ तीन डॉलर पडले आणि वर काकडी वेलीवरच. काकडी एक दिवस जास्त राहिली की जाड होते, पिवळी पडते, दुकानदार घेत नाही. गिलक्या-दोडक्यांचं तरी दुसरं काय होतं.

या "अनस्किल्ड" शब्दाचा मला फार राग आहे. आमच्या फॉर्मवरही असतो तो, कुशल-अकुशल. भगोरियाच्या त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि मी नि जाऊबाई बटाटा वेचायला उतरलो, भाऊजींनी ट्रॅक्टरने सरी उलटून दिली होती, खाली फक्त वेचायचं. टोळीतली एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी मागे राहिली होती ती शेजारच्या सरीत. मी सवयीने डायरीत मांडत गेले. अकरापर्यंत तिचे सात कट्टे. आम्हा दोघींचे मिळून तीन, आणि त्यातला एक भाऊजींनी परत ओतायला लावला कारण त्यात ढेकळं होती, गुल्ला (बारीक बटाटा) आणि मोठा माल एकत्र होता, दोन-चार हिरवे पडलेले. तिला मी बघत बसले होते थोडा वेळ (कंबर गेली होती म्हणून, अभ्यास म्हणून नाही). ती बसतच नाही, उकिडवी पुढे सरकते, दोन्ही हात वेगवेगळं काम करतात, उजवा उचलतो आणि अंगठ्याने माती पुसली जाते त्याच झटक्यात, डावा गुल्ला बाजूला उडवतो, आणि तगारी कधी भरली ते तिला बघावं लागत नाही, वजनावरून कळतं. मी विचारलं कधीपासून करतेस, म्हणाली लहानपणापासून, आईबरोबर यायची. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, आणि आमच्या फॉर्मवर अकुशल!

जॉर्जियातल्या पोरांना मी हसत नाही म्हणूनच. त्यांना आदल्या दिवशी सांगितलं उद्यापासून जा, आणि पंचवीस सेकंदवाल्याशेजारी उभं केलं.

नुकसान कुणाचं झालं

ऑक्टोबर २०११ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा अभ्यास आला. सात पिकं घेतली होती, ब्लूबेरी, ब्लॅकबेरी, विडालिया कांदा, ढोबळी मिरची, स्क्वॉश, काकडी, कलिंगड. लागणाऱ्या मजुरांत साधारण ४० टक्के तूट आणि राज्यभरचा अंदाज धरून १४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान, तेव्हाच्या भावाने सहाशे कोटी रुपयांच्या वर. हा अभ्यास फळ-भाजी उत्पादकांच्या संघटनेने करवून घेतलेला होता हेही सांगते, आणि शेतकऱ्याने सांगितलेलं नुकसान मी नेहमी थोडं कापूनच धरते. पण अर्धं कापलं तरी लहान नाही.

आणि नुकसान असं का होतं ते बँकेच्या टेबलावरून जास्त स्पष्ट दिसतं. पीककर्ज घ्या कुठलंही, बियाणं, खत, औषध, पाणी, निंदणी, हे सगळे पैसे आधी गेलेले असतात, काढणी सगळ्यात शेवटी. मधल्या कुठल्या टप्प्यावर घोळ झाला तर शेतकरी खर्च थांबवून थोडं वाचवू शकतो. शेवटच्या टप्प्यावर माणूस नसेल तर मागचं सगळं मातीत. २०१७ च्या जूनमध्ये आपल्या मध्य प्रदेश सरकारने ८ रुपये किलोने कांदा घेतला आणि तो ढिगाने सडला, तेव्हा आपण पाहिलंच की पिकवून झाल्यावर वाया जाणं म्हणजे काय. जॉर्जियात भाव होता, गिऱ्हाईक होतं, फक्त वेलीपासून ट्रकपर्यंतचे तीस-चाळीस हात अंतर कापणारं कुणी नव्हतं. आणि शेतात माल निघाला नाही की पॅकिंग शेडमधल्या बायकांना काम नाही, खोकी बनवणारा बसून, ट्रकवाला बसून. यातले बरेच जण जन्माने अमेरिकन.

मुलाने विचारलं, मग लोकांना खायला मिळालं नाही का? मिळालं. दुकानं काही ओस पडली नाहीत. मला वाटतं या विषयावर बोलणारे लोक इथे थोडं वाढवून सांगतात, रेड पडली की दुसऱ्या दिवशी उपासमार असं काही होत नाही. मोठं दुकान दुसऱ्या राज्यातून माल उचलतं, नाहीतर मेक्सिकोतून. आज अमेरिकेत ताज्या फळांपैकी निम्म्याहून जास्त आणि ताज्या भाज्यांपैकी एक तृतीयांशाच्या वर माल बाहेरून येतो. म्हणजे गंमत बघा, मेक्सिकोचा माणूस नको म्हणून हाकलला तर त्याच माणसाने तिकडे तोडलेली काकडी आत येते. फरक एवढाच की पॅकिंग शेड, ट्रक, कर्ज, सगळं तिकडे गेलं. आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत आणणं काय असतं ते चोइथराम मंडीतल्या कुठल्याही आढतियाला विचारा.

भाऊजींचा मुद्दा होता की मग मजुरी वाढवा, येतील की लोक. रास्त मुद्दा आहे. याचंही उत्तर तिकडे जुनं आहे. १९४२ पासून ब्रासेरो नावाचा करार होता, मेक्सिकन मजूर कायदेशीर आणायचे, तो १९६४ संपताना बंद केला, हेतू हाच की इथल्यांची मजुरी वाढेल. मायकेल क्लेमेन्स आणि दोघा सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जुने आकडे तपासले तर ज्या राज्यांत ब्रासेरो जास्त होते तिथे मजुरी काही वेगळी वाढली नाही. शेतकऱ्यांनी जिथे जमलं तिथे मशीन आणलं, टोमॅटो तोडायचं मशीन तेव्हाच पसरलं, आणि जिथे मशीन नव्हतं तिथे पीक कमी केलं. स्थानिक माणूस आलाच नाही. पण म्हणून शेतकरी बिचारा असंही मला म्हणायचं नाही. ज्याला कागद नाहीत तो मजुरीवरून भांडत नाही, औषध फवारल्यावर उलटी झाली तर तक्रार करत नाही, हे त्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत होतं आणि त्या जोरावरच ७.२५ चा भाव इतकी वर्षं चालला. त्यांचं रडणं अर्धं खरं.

त्यानंतर

प्रोबेशनच्या स्कीमने काही तग धरला नाही. शेजारच्या अलाबामाने त्याच जूनमध्ये आणखी कडक कायदा केला, आणि त्या पानगळीच्या दिवसांत तिथे चँडलर माउंटनवर टोमॅटो वेलीवर सडले. ज्यांना शक्य होतं ते शेतकरी एच-२ए व्हिसाकडे वळले, हंगामापुरता कायदेशीर मजूर, मालकाने राहायची सोय करायची, येण्याजाण्याचा खर्च द्यायचा. अख्ख्या देशात २००५ मध्ये अशा ४८,००० च्या आसपास जागा मंजूर होत्या, २०२३ मध्ये ३,७८,०००. हा व्हिसा हंगामी म्हणून गायीम्हशींच्या गोठ्याला चालत नाही, दूध तर बारा महिने काढावं लागतं, तो एक वेगळाच तिढा.

आणि कागद आले म्हणजे सुख आलं असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जियाच्या दक्षिण भागातच चोवीस जणांवर फेडरल खटला भरल्याचं जाहीर झालं, तपासाचं नाव ऑपरेशन ब्लूमिंग ओनियन, आरोप असे की एच-२ए वर आणलेल्या लोकांचे पासपोर्ट काढून घेतले, नुसत्या हातांनी कांदे उपटायला लावले, बादलीला २० सेंट दिले, बंदुकीचा धाक. म्हणजे २०११ मध्ये काकडीच्या टोळीतला माणूस बादलीला पन्नास सेंट मिळवत होता आणि आरोप खरे धरले तर दहा वर्षांनी कागदवाल्याला वीस! व्हिसा एकाच मालकाला बांधलेला, मालक सोडला तर परत जा. आपल्याकडे उचल घेतलेल्या जोडीचं जे होतं तेच, फक्त इंग्रजीत.

२०२५ मध्ये पुन्हा तेच वर्तुळ, या वेळी वरून. १० जूनला कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डच्या स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात एजंट शिरले, पकडले त्याहून कितीतरी जास्त घरी बसले. दोनच दिवसांनी ट्रम्प स्वतः म्हणाले की या धोरणामुळे शेतकऱ्यांचे चांगले, जुने कामगार जातायत, आणि शेतांवरच्या रेड थांबवायचा आदेश निघाला. आठवडा व्हायच्या आत तो आदेश मागे! १९९८ चा समझोता निदान कांदा निघेपर्यंत तरी टिकला होता. ऑक्टोबरमध्ये एच-२ए ची मजुरी खाली आणणारा नियम काढताना त्यांच्याच लेबर डिपार्टमेंटने लिहून दिलं की इमिग्रेशनच्या कडक अंमलबजावणीमुळे मजूर कमी होऊन अन्नपुरवठ्याला धोका आहे. म्हणजे एका हाताने माणूस हाकला आणि दुसऱ्या हाताने येणाऱ्याची मजुरी कापा.

आपण हसायचं कारण नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातेत एका गुन्ह्यानंतर उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले झाले, कायदा-बियदा काही नाही, नुसती हवा, आणि यूपी-बिहारबरोबर आपल्या एमपीची माणसंही गाठोडी बांधून निघाली. आणि २०२० च्या लॉकडाऊननंतर भात लावणीला पंजाबच्या शेतकऱ्यांनी बिहारात बसगाड्या पाठवल्या माणसं आणायला. एरवी ज्यांना भैया म्हणून हाका मारतात त्यांना.

भाऊजींना मी हे सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले वहिनी ते सगळं ठीक आहे पण माझा बटाटा. बाबा (सासरे) इतका वेळ कोपऱ्यात पेपर वाचत होते, ते म्हणाले अरे भगोरिया पंचांगात असतो, तुला वर्षभर आधी कळतं, त्या गोऱ्यांना कळलं नव्हतं. हे एवढं एक वाक्य मला सुचायला पाहिजे होतं आधी.

होळीनंतर चौथ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, टोळी परत आली, बटाटा निघाला, थोडा उन्हाने गेला, पण निघाला. पुढच्या वर्षाचं म्हणाल तर यंदा ज्येष्ठ अधिक आलाय त्यामुळे होळी थेट मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाते, तोवर बटाटा कोल्ड स्टोरेजला गेलेला असेल. भाऊजींनी दिनदर्शिकेत पानं उलटून खात्री केली आणि पेनने गोल केला.